चंद्राच्या वाटेने ग्रह शोधा: महिनाभराचं निरीक्षण

ग्रह शोधताना चंद्रासारखा भरवशाचा वाटाड्या नाही. सूर्याच्या आकाशातल्या मार्गापासून, म्हणजे क्रांतिवृत्तापासून, चंद्र फार तर ५ अंश दूर जातो. नुसत्या डोळ्यांनी दिसणारे ग्रहही त्याच पट्ट्यात फिरतात. म्हणून महिन्याभरात तो प्रत्येकाच्या शेजारून एकदा जातोच.

१. शुद्ध द्वितीया-तृतीयेला सुरुवात करा. सूर्यास्तानंतर अर्ध्या-पाऊण तासाने पश्चिम क्षितिज पाहा. बुध सूर्यापासून २८ आणि शुक्र ४७ अंशांपलीकडे जात नाही, त्यामुळे ते इथे सापडतील, नाहीतर पहाटे पूर्वेला. सूर्य पूर्ण मावळेपर्यंत दुर्बीण डोळ्याला लावू नका. दृष्टी कायमची जाऊ शकते.

२. रोज त्याच वेळी, त्याच जागेवरून चंद्र कुठे आहे ते वहीत नोंदवा. तो दिवसाला सुमारे १३ अंश पूर्वेकडे सरकतो. ताठ हाताची मूठ साधारण १० अंश झाकते. चार-पाच खुणा जोडल्या की ग्रहांची वाट कळते.

३. या वाटेवरचा ठळक, स्थिर प्रकाशाचा ठिपका बहुधा ग्रह असतो. बहुधा म्हणायचं, कारण क्षितिजालगत हवेचा थर जाड असल्याने ग्रहही लुकलुकतात. शिवाय रोहिणी, मघा, चित्रा, ज्येष्ठा हे तारेही इथलेच, आणि तांबूस रोहिणी किंवा ज्येष्ठेला मंगळ समजणं सहज घडतं. आजूबाजूच्या तीन-चार ताऱ्यांसह चित्र काढा आणि दहा दिवसांनी ताडून पाहा. मंगळ सहसा सरकलेला दिसतो. शनी फार संथ. त्याला दोन महिने द्या.

४. १०×५० ची द्विनेत्री (दोन्ही डोळ्यांनी पाहायची, दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची दुर्बीण) गुरूच्या चार मोठ्या चंद्रांसाठी पुरते, पण कोपरं कठड्यावर टेकवा. हात थरथरला तर ते गुरूच्या झगमगाटात हरवतात. शनीची कडी पाहायला किमान २५ पट मोठं दाखवणारी दुर्बीण लागते. ती अर्धा तास आधी बाहेर ठेवा, नाहीतर नळीतल्या उबदार हवेमुळे प्रतिमा हलत राहते.

५. चंद्राची विवरं पाहायला पौर्णिमा सर्वांत वाईट: सावल्याच नसतात. त्या रात्री टायको विवरापासून फाकलेले पांढरे पट्टे तेवढे पाहा. खरी मजा अष्टमीच्या सुमारास, उजेड-अंधाराच्या सीमेवर. ही सीमा रोज पुढे सरकते आणि दोनेक दिवसांत सुमारे ९३ किलोमीटर रुंदीचं कोपर्निकस विवर उजेडात येतं.

६. पौर्णिमेनंतर चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. वद्य अष्टमीनंतर पहाटे उठा. संध्याकाळी न सापडलेले ग्रह तेव्हा पूर्वेला शोधा. तरीही एखादा दिसला नाही, तर तो त्या महिन्यात सूर्याच्या फार जवळ असण्याची शक्यता मोठी.