क्लबच्या संघात खेळण्याआधी हे वाचा

बुद्धिबळाच्या क्लबात गेल्यावर सुरुवातीचे काही आठवडे सपाटून मार खावा लागणार, हे धरूनच चला. मोबाईलवर रेटिंग कितीही असो, सोंगटी हाताने उचलायची, घड्याळ दाबायचं, चाल लिहायची, या गडबडीत सोपे डावपेचही नजरेतून सुटतात. हे सगळ्यांचंच होतं आणि सवयीने जातं.

मला खरा फटका बसला तो तिहेरी पुनरावृत्तीच्या नियमाचा, म्हणजे पटावर तीच स्थिती तिसऱ्यांदा आली तर बरोबरी मागता येते, त्याचा. संघाचा सामना, माझाच डाव उरलेला. हत्तीच्या अंत्यपर्वात (डावाच्या शेवटच्या टप्प्यात) एक प्यादं कमी, पण मी शह देत होतो आणि समोरचा राजा दोनच घरांत येरझाऱ्या घालत होता. तिसऱ्यांदा तीच स्थिती होणार हे दिसल्यावर मी हत्ती हलवला, घड्याळ दाबलं आणि मग पंचांना बोलावलं. ते म्हणाले, "आता पाळी त्यांची आहे." समोरच्याने राजा तिसऱ्याच घरात नेला, माझे शह संपले आणि डाव गेला. बरोबरी झाली असती तर चार पटांचा सामना २-२ सुटला असता.

म्हणून नीट लक्षात ठेवा. तुमच्या चालीने तिसऱ्यांदा तीच स्थिती होणार असेल, तर ती चाल आधी फक्त स्कोअरशीटवर (चाली लिहायच्या कागदावर) लिहायची. सोंगटीला हात लावायचा नाही. घड्याळ थांबवून पंचांना सांगायचं, की ही चाल खेळणार आहे आणि बरोबरीचा दावा करतोय. समोरच्याच्या चालीने ती स्थिती आली असेल, तर काही न लिहिता लगेच दावा करायचा. पण सोंगटीला हात लावलात, की त्या चालीपुरता हक्क गेला. स्थिती सलग यावी लागत नाही, मात्र खेळायची पाळी त्याच खेळाडूची हवी. दावा चुकला तर समोरच्याला दोन मिनिटं जादा मिळतात, म्हणजे डाव काही हरत नाही. स्थिती पाचव्यांदा आली तर पंच स्वतःच डाव बरोबरीत सोडवतात, पण तिथवर समोरचा कशाला थांबेल? हे सगळं ताडून बघायचं तर चाली लिहिलेल्या हव्यात. गिचमिड अक्षरात लिहू नका.

ओपनिंगचे, म्हणजे डावाच्या सुरुवातीचे, सापळे पाठ करून चार डाव पटकन जिंकता येतील, पण मला तो वेळ वाया घालवणं वाटतं. अंत्यपर्व शिका. गुरू म्हणून क्लबातला सर्वांत तगडा खेळाडू शोधत बसू नका, डाव संपल्यावर तुमच्यासोबत बसून "इथे काय विचार केलास?" असं विचारणारा माणूस धरा. इंजिन, म्हणजे डाव तपासणारा संगणक प्रोग्राम, घरी गेल्यावर लावा.

आणि संघात शेवटच्या पटावर बसवलं म्हणून खट्टू होऊ नका. तिथे साधारण आपल्या तोडीचा प्रतिस्पर्धी मिळतो. बरोबरीचा प्रस्ताव आला आणि घ्यावा की नाही कळत नसेल, तर पंचांच्या देखत कर्णधाराला विचारता येतं. तो सामन्याची परिस्थिती बघून "घे" किंवा "नको" एवढंच सांगेल. पटावरच्या स्थितीबद्दल बोलायची त्याला मुभा नसते.