पाऊस बघून फोन: लीडची यादी आणि हवामानाचा अंदाज एकत्र कसा बांधला

आमचं काम गच्ची आणि कौलारू छपरांच्या वॉटरप्रूफिंगचं. ऑफिस गोव्यात, फोंड्याला. साइटवर दादा आणि सहा माणसं. फोन, हिशेब आणि कॉम्प्युटर माझ्या वाट्याला. शहाणी माणसं मे महिन्यात पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) भरता भरता छपराचंही बघून घेतात. बाकीच्यांना आम्ही पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री आठवतो.

पूर्वी चौकशी आली त्या क्रमाने मी परत फोन करायचे. त्यामुळे दादा सामान घेऊन वाळपईला पोचायचा आणि तिथे आभाळ फाटलेलं, आणि त्याच दिवशी वास्कोची गच्ची कडक उन्हात मोकळी पडलेली. वाळपईचा तालुका म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याची सत्तरी आणि वास्कोचा तालुका म्हणजे समुद्राकाठचं मुरगाव, यांचा पाऊस एक नव्हे, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. आमच्या यादीला तेवढं कळत नव्हतं. ते कसं शिकवलं ते सांगते. मी बी.कॉम. आहे, प्रोग्रामर नाही.

तीन गोष्टी लागतात. लीड, म्हणजे चौकशी केलेली गिऱ्हाइकं, नोंदवून ठेवायला सीआरएम सॉफ्टवेअर (आमचं झोहो), पावसाचा अंदाज देणारी सेवा (ओपन-मेटिओ) आणि दोघांना जोडणारं साधन. त्यासाठी मी एन-एट-एन घेतलं, कारण ते स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतं. झॅपियर किंवा मेकनेही हेच होईल, बटणं तेवढी वेगळी.

आधी सीआरएम नीट करा. माझे पहिले चार दिवस इथेच गेले. लीडमध्ये ‘तालुका’ हा रकाना टायपिंगसाठी मोकळा ठेवू नका, निवडयादी करा. गोव्यात एकाच गावाची दोन-तीन नावं चालतात: कुणी डिचोली लिहितो, कुणी बिचोली, इंग्रजीत लिहिणारा बिचोलिम. केपे आणि क्वेपे, काणकोण आणि कॅनाकोना, तीच गत. मशीनला ही सगळी वेगळी गावं वाटतात. तालुके बाराच आहेत, बारा पर्याय टाका आणि विषय संपवा. आणखी तीन रकाने लागतील: छताचा प्रकार, आत्ता गळतंय का, आणि शेवटचा फोन कधी केला.

मग हवामान. ओपन-मेटिओच्या संकेतस्थळावर एक पान आहे. तिथे अक्षांश-रेखांश भरायचे आणि काय काय हवं त्यावर टिक करायची, की खाली पूर्ण पत्ता (यूआरएल) तयार होऊन मिळतो. एन-एट-एनमध्ये प्रत्येक कामाचा एक ठोकळा असतो, त्याला नोड म्हणतात. तो पत्ता उचलून एचटीटीपी रिक्वेस्ट नावाच्या नोडमध्ये चिकटवा. मी दैनिक विभागातून दोनच गोष्टी घेते: दिवसाचा एकूण पाऊस मिलिमीटरमध्ये आणि पावसाची कमाल शक्यता. बाराही तालुक्यांचे आकडे स्वल्पविराम देऊन एकाच पत्त्यात बसतात. पणजी १५.४९ आणि ७३.८३, वाळपई १५.५३ आणि ७४.१४, मडगाव १५.२७ आणि ७३.९६, असे. उत्तरंही त्याच क्रमाने येतात, म्हणून तालुक्यांचा क्रम एका कागदावर लिहून भिंतीला लावा. आमच्याकडे तो अजून आहे, चहाच्या डागासकट. एक गोष्ट आधीच सांगते: ही सेवा फुकट आहे ती बिगरव्यावसायिक वापरासाठी. करून बघायला हरकत नाही, पण धंद्यासाठी रोज वापरणार असाल तर पैसे भरून त्यांची ‘की’ (वापराची किल्ली) घ्या.

टाइमझोनमध्ये आशिया-कोलकाता निवडायला विसरू नका, आणि तेही दोन ठिकाणी. एक या पत्त्यात, नाहीतर दिवस ग्रिनिचच्या वेळेने मोजला जातो आणि आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो. दुसरं एन-एट-एनमध्ये. स्वतःच्या सर्व्हरवर बसवलंत तर त्याचं घड्याळ मुळात न्यूयॉर्कचं असतं. सकाळी ७ ला लावलेली माझी यादी दुपारी साडेचारला यायची. दादा म्हणाला, ‘पाऊस येऊन गेल्यावर अंदाज सांगणारं मशीन आणलंस गो तू!’

आता फ्लो, म्हणजे नोडांची साखळी. सुरुवातीला शेड्यूल ट्रिगर (ठरल्या वेळी साखळी सुरू करणारा नोड), रोज सकाळी ७. त्याच्यामागे हवामानाचा नोड, शेजारी झोहोचा नोड, जो उघडे लीड आणतो. झोहोचं खातं भारतातलं असेल तर जोडणी करताना डॉट-इन हा पर्याय निवडा. डॉट-कॉम ठेवलंत तर पासवर्ड बरोबर असूनही दार उघडत नाही. मग भिंतीवरच्या क्रमाने हवामानाच्या प्रत्येक उत्तराला तालुक्याचं नाव जोडा आणि मर्ज नोडमध्ये ‘तालुका’ हा समान रकाना देऊन दोन्ही याद्या जुळवा.

खरं डोकं लागतं ते पुढच्या अटीला, आणि ती अट कॉम्प्युटरवाल्याने ठरवायची नाही. मी दादाला विचारलं. तो म्हणाला, पृष्ठभाग कोरडा हवा, प्राइमर, वर दोन हात, प्रत्येक हाताला सुकायला वेळ. म्हणजे तीन दिवस उघाड हवी. उघाड म्हणजे किती? हवामान खातं २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस धरतं. तोच आकडा घेतला. पुढचे तिन्ही दिवस २.५ च्या खाली आणि शक्यता ४० टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर त्या तालुक्यातले लीड ‘काम धरा’ गटात. हे ४० मात्र आमचं, अनुभवाने बसवलेलं.

दुसरी अट उलटी आहे आणि माझी जास्त लाडकी. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे हवामान खात्याच्या भाषेत ‘जोरदार पाऊस’ सुरू होतो. तेवढा अंदाज असेल आणि लीडमध्ये ‘गळतंय’ असेल, तर तो ‘आजच बघून या’ गटात. काम करायला नव्हे, बघायला! कौलारू घरात ओल दिसते तिथेच फट असते असं नाही. पाणी वाशावरून सरकत सरकत दोन हात लांब जाऊन ठिपकतं. कोरड्या दिवशी गेलात तर घरमालक बोट दाखवेल तिथेच कोटेशन द्याल, आणि पुढच्या पावसात शिव्या खाल.

या अटींत एक खड्डा आहे. हवामानाकडून उत्तरच आलं नाही तर तो रकाना रिकामा राहतो, आणि मशीन रिकाम्या जागेला शून्य समजू शकतं. शून्य म्हणजे पाऊस नाही, म्हणजे ‘काम धरा’. ऐन जुलैत आमच्या यादीत अख्खी सत्तरी कोरडी निघाली तेव्हा मला हे कळलं. म्हणून अटीच्या आधी एक तपासणी ठेवा: आकडा आहे का? नसेल तर फ्लो थांबेल आणि तुम्हाला निरोप येईल असं करा. नोडच्या सेटिंगमध्ये अपयश आल्यास पुन्हा प्रयत्न करण्याचा पर्याय आहे, तोही चालू करा. आणि हे सगळं ऑफिसातल्या पीसीवर बसवू नका. पहिल्या वादळात माड तारांवर पडला की हवामान सांगणारंच अंधारात. भाड्याचा छोटा सर्व्हर बरा.

शेवटचा फोन चार दिवसांच्या आत झाला असेल तर तो लीड गाळा. नाहीतर त्याच बिचाऱ्या माणसाला रोज फोन जातो.

यादी टेलिग्रामवर पाठवते, कारण तिथे बॉट पाच मिनिटांत तयार होतो. मजकूर असा: ‘मुरगाव, तीन दिवस उघाड, ३ लीड, काम धरा. सत्तरी, जोरदार, ४ लीड, आजच बघून या.’ ही यादी ऑफिसच्या माणसांसाठी आहे. मध्यंतरी मी गिऱ्हाइकांना थेट व्हॉट्सअ‍ॅप जाईल असं केलं होतं, टेम्प्लेटला मंजुरी वगैरे रीतसर घेऊन. ‘आपल्या भागात जोरदार पावसाची शक्यता, छपराची काळजी घ्या.’ एका आजोबांचं उत्तर आलं: ‘बाय, घरात घोट्याइतकं पाणी आहे, तू जाहिरात कसली करतेस?’ त्या दिवशी तो नोड काढला. फोन माणसानेच करावा.

अंदाज किती खरा ठरतो ते महिनाभर ताडून बघा, पण एक फरक ध्यानात ठेवून: हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ, तर वरच्या सेवेचा मध्यरात्र ते मध्यरात्र. दुपारी दोनला कोसळलेला पाऊस दोघांकडे वेगवेगळ्या तारखेला नोंदला जातो. मी पंधरा दिवस उगाच सेवेला खोटं ठरवत होते. वाळपईच्या बाजूला मात्र अंदाज खरंच कमी भरतो असं माझ्या वहीत दिसतंय, म्हणून सत्तरीसाठी जोरदारची मर्यादा ५० वर आणून ठेवलीय.

ट्रिगर जून ते ऑक्टोबर एवढाच चालू असतो. चवथीच्या आधीच्या दोन आठवड्यांत मात्र मी ‘उघाड’ तीनवरून दोन दिवसांवर आणते, कारण गणपती बसायच्या आत ज्याला त्याला छप्पर कोरडं हवं असतं. दोन दिवसांत होईल तेवढंच काम तेव्हा दादा अंगावर घेतो: तडे भरणं, कौलं बदलणं. पूर्ण गच्ची नाही.