सापाला पाय : एक चिनी वाक्प्रचार नेमका कुठे वापरावा

चिनी भाषेतल्या बहुधा चार अक्षरी ठरीव वाक्प्रचारांना ‘छंग-यू’ म्हणतात. त्यांपैकी ‘ह्वा श थ्येन त्सू’, म्हणजे साप काढून त्याला पाय जोडणे, हा शिकणाऱ्याच्या तोंडी लवकर बसतो; पण तो वापरताना गल्लत होते, आणि ती टाळायची तर आधी मूळ गोष्ट ध्यानात घ्यावी.

‘चान क्वो त्स’ या प्राचीन संग्रहात ती आहे. छू राज्यात पूर्वजांच्या पूजेनंतर यजमानाने आपल्या माणसांना मद्याचा एक चषक दिला. तो सर्वांना पुरणारा नव्हता आणि एकट्याला भरपूर होता, म्हणून जमिनीवर साप काढायची पैज लागली. ज्याचा साप सर्वांआधी झाला, तो डाव्या हातात चषक धरून उजव्या हाताने सापाला पाय काढू लागला. तेवढ्यात दुसऱ्याने आपला साप पुरा केला, चषक हिसकावला, ‘सापाला पाय नसतातच’ असे सुनावले आणि मद्य पिऊन टाकले. छन चन या मुत्सद्द्याने इ.स.पू. 323 च्या सुमारास ही गोष्ट सांगितली ती करमणुकीसाठी नव्हे. छूचा सेनापती चाव यांग वेइ राज्याची आठ नगरे जिंकून छी राज्यावर चालून निघाला होता. मोठा मान पदरात पडलेला असताना आणखी एक लढाई म्हणजे सापाचे पाय, हे त्याला पटले आणि त्याने सैन्य मागे फिरवले.

म्हणून दोन गोष्टी तपासाव्यात: काम आधीच पूर्ण झाले होते का, आणि वरच्या भरीने ते बिघडले का. दुसरी अट हमखास विसरली जाते. उत्तम जमलेल्या कथेच्या शेवटी लेखक तात्पर्य समजावू लागला, तर हा प्रयोग चपखल बसतो. ‘अति तेथे माती’शी मात्र त्याची जोडी लावू नये, कारण तिथे अतिरेकाचा दोष आहे, इथे चार रेघाही पुरतात. आपल्याकडचे ‘नको तिथे शहाणपण’ त्याला अधिक जवळचे.

वाक्यात तो क्रियापदासारखा चालतो, पण त्याच्यापुढे कर्म जोडत नाहीत. आधी ‘पू याव’, म्हणजे ‘नको’, लावले की सल्ला होतो. सूर टीकेचा असल्याने वडीलधाऱ्यांच्या कामाविषयी तो जपून वापरावा. स्वतःबद्दल मात्र खुशाल म्हणावे: ‘आणखी बोललो तर सापाला पाय काढल्यासारखे होईल.’ भाषण आवरते घेण्याची ही सभ्य रीत आहे. शेवटच्या भरीने काम खुललेच असेल, तर ‘ह्वा लुंग त्येन चिंग’, म्हणजे ड्रॅगन काढून त्याच्या डोळ्यांत बुबुळे भरणे, हा उलट अर्थाचा वाक्प्रचार योजावा.