वर्कशॉप करून आलात? मग या चुका टाळा

रत्नागिरी किंवा कुडाळहून पुण्या-मुंबईला फिजिओथेरपीचं दोन दिवसांचं वर्कशॉप करायचं म्हणजे फी, गाडीभाडं, लॉज आणि वर बंद ठेवलेलं क्लिनिक. एवढं करून कोर्स निवडताना चूक होते, याचं फार वाईट वाटतं. खेळाडूंच्या दुखापतींच्या कोर्सला झुंबड उडते. आपल्या दारात कोण येतं? गुडघे झिजलेल्या आजी, पक्षाघाताचे पेशंट, आंब्यावरून नाहीतर माडावरून पडलेला गडी, जाळी ओढून कंबर धरलेला खलाशी. फॉर्म भरण्याआधी मागच्या तीन महिन्यांचं केस रजिस्टर काढा आणि निदानाप्रमाणे रेघा मारत जा. जिथे रेघा जास्त आणि सुधारणा अडलेली, तो तुमचा विषय.

सगळ्यात महागात पडते ती सोमवारची घाई. रविवारी शिकलं, सोमवारी समोर येईल त्याच्यावर वापरलं. किनाऱ्यावरच्या एका क्लिनिकमध्ये फ्रोजन शोल्डरच्या (आखडलेल्या खांद्याच्या) कोर्सवरून परतलेल्या नव्या थेरपिस्टने पक्षाघाताच्या पेशंटलाही डोक्यावरची पुली लावून दिली. चांगल्या हाताने दोरी ओढायची, लुळा हात वर. थोड्याच दिवसांत खांदा असा ठणकू लागला की सदरा घालताना काकांच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि दुखण्यापायी चालण्याचा सरावही बंद पडला.

कारण साधं आहे. हात वर जाताना स्कॅप्युला, म्हणजे खांद्यामागचं सपाट हाड, फिरावा लागतो आणि दंडाचं हाड बाहेरच्या बाजूला वळावं लागतं. लुळ्या खांद्यात हे दोन्ही आपसूक होत नाही. पुली नुसता दंड ओढते आणि मधले स्नायुबंध हाडांत चिरडतात. अशा पेशंटला पाठीवर झोपवा, एक हात स्कॅप्युलावर ठेवा, दंड बाहेर वळवून धरा आणि 90 अंशांच्या आत राहा. स्कॅप्युला सोबत फिरतोय हे हाताला कळलं तरच पुढे जा. घरच्यांनाही बजावा: उठवताना लुळा हात किंवा काख धरून ओढायचं नाही.

वर्कशॉपच्या वहीत प्रत्येक तंत्राखाली तीन ओळी हव्यातच: कोणासाठी, कोणाला अजिबात नाही, कधी थांबायचं. शिकवणाऱ्याने सांगितलं नसेल तर चहाच्या सुट्टीत गाठून विचारा. या तीन ओळींशिवाय भिंतीवर लावलेलं सर्टिफिकेट पेशंटच्या काही कामाचं नाही.

पुढची चूक म्हणजे न मोजणं. 'बरं वाटतंय' हे मोजमाप नव्हे. टाइम्ड अप अँड गो चाचणीला (खुर्चीतून उठून खुणेपर्यंत चालत जायचं, वळून परत येऊन बसायचं, किती सेकंद लागले ते मोजायचं) हात असलेली खुर्ची, जमिनीवर 3 मीटरची खूण आणि स्टॉपवॉच, एवढंच लागतं. पण आज खुर्ची, उद्या स्टूल, परवा मुलाने कोपर धरलेलं, असं झालं की आकड्यांना अर्थ उरत नाही. तीच खुर्ची, तीच रोजची चप्पल, नेहमीची चाल, आधी एक सरावाची फेरी. शिवाय गुळगुळीत फरशीवर 11 सेकंद आले म्हणून घरची जांभ्याची पाखाडी उतरता येईलच असं धरू नका. पायऱ्या वेगळ्या तपासा, शक्य असेल तर पेशंटच्याच घरी.

टेपिंग, म्हणजे त्वचेवर आधाराची चिकटपट्टी लावणं, एसी हॉलमध्ये शिकता, जूनच्या दमट हवेत ती टेप टिकत नाही. त्वचा पुसून पूर्ण कोरडी करा, टेपचे कोपरे गोल कापा, शेवटची टोकं न ताणता चिकटवा. खाज सुटली तर लगेच काढायला सांगा.

कॅमेरा बंद ठेवून वेबिनार ऐकत जेवण करणं म्हणजे शिक्षण नव्हे.

पैसे भरण्याआधी, आपलं रजिस्ट्रेशन जिथे असतं त्या राज्य परिषदेच्या मान्यतेचं पत्र मागा, 'क्रेडिट पॉइंट मिळतील' हा फोनवरचा शब्द धरू नका. सर्टिफिकेटवरचं नाव रजिस्ट्रेशनवरच्या नावाशी तिथेच जुळवून पाहा. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी तर नक्कीच.

आणि बंदरालगत क्लिनिक असेल तर 1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीत कोर्स ठेवू नका. खलाशांना सलग उपचार घ्यायला तेवढेच दिवस मोकळे असतात.