सातवा लागला की घरात हे ठरवून ठेवा

सातवा लागला की आपल्याकडे डोहाळजेवणाचा मेनू ठरतो, हिरवी साडी ठरते, फोटोवाला ठरतो, पण रात्री दोनला त्रास सुरू झाला तर गाडी कोण काढणार हे नाही ठरत. २०१८-२० च्या सरकारी आकड्यांत दर लाख जिवंत जन्मांमागे महाराष्ट्रात ३३ आया गेल्या, आपल्या मध्य प्रदेशात १७३, तेव्हा "इंदूरमध्ये सगळं मिळतं हो" एवढ्यावर राहू नका.

आधी फाईल. सोनोग्राफी, रक्तगट, हिमोग्लोबिन, बीपी, आशाताईचं कार्ड, सगळं एका पिशवीत आणि पिशवी दाराशी. माझ्या पुतणीची फाईल माहेरी देवासला राहिली, इथे बीपी १६०, डॉक्टर विचारतायत आधी किती असायचं, आम्ही एकमेकांची तोंडं बघतोय.

आता बाळाची हालचाल. अठ्ठावीस आठवड्यांनंतर रोज जेवण झालं की डाव्या कुशीवर पडायचं, जवळ दोन वाट्या, एकीत दहा शेंगदाणे, बाळ हललं की एक दाणा दुसऱ्या वाटीत. दोन तासांत दहा झाले नाहीत किंवा रोजच्यापेक्षा कमी वाटलं तर त्याच दिवशी दवाखाना, रात्र असली तरी. कोणी काकू म्हणेलच, शेवटी जागा पुरत नाही म्हणून बाळ शांत होतं. नाही होत, आणि पोटातच बाळ जाण्याआधी कित्येकदा हीच एक खूण मिळते.

हिमोग्लोबिन ११ च्या खाली नको. लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत, पोह्यांवरच्या चहाबरोबर अजिबात नाही (हे इंदुरात सांगणं म्हणजे!), कॅल्शियमची वेगळ्या वेळी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट असते, आणि बाळंतपण, सिझर, औषधं, रक्तसुद्धा तिथे कुठल्याही दिवशी फुकट.

बीपी १४०/९० किंवा वर, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, रक्त जाणं, यातलं काहीही झालं तर सासूबाईंना विचारू, सकाळी बघू असं नको, सरळ १०८. आणि तारीख रंगपंचमीच्या आसपास असेल तर राजवाड्याकडून जायचा विचार सोडा, गेरच्या (रंगपंचमीच्या रंगांच्या मिरवणुकीच्या) दिवशी तिथे मुंगी शिरत नाही, दुसरा रस्ता आधीच एकदा गाडीने जाऊन बघा.

बाळंतपणानंतर कधीही एक पॅड तासाभरात पूर्ण भिजलं तर तिला लगेच परत दवाखान्यात न्यायचं. बीपीचा धोकाही सवा महिना राहतोच, डोकं दुखलं की जागरणामुळे असेल म्हणून सोडतात, म्हणून मशीन तिच्या उशाशीच ठेवा.