गच्ची मोजा, मग ऑर्डर घ्या: घरगुती वाळवणाचा धंदा शिस्तीत चालवताना

मार्च लागला की जळगाव-धुळ्याकडे गच्च्या आणि ओटे वाळवणांनी भरू लागतात. ओळखीतून फोन येतात, "ताई, दहा किलो बिबडे आखाजीच्या आत द्या हं." बिबडे म्हणजे भिजवलेल्या ज्वारीचे खान्देशी पापड आणि आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आपण हो म्हणतो. पाठोपाठ लग्नघरचं रुखवत येतं, सुरतेच्या नणंदेच्या शेजारणीची ऑर्डर येते आणि एप्रिलच्या मध्यावर घरात पाय ठेवायला जागा उरत नाही. हात चांगला असूनही या दिवसांत गिऱ्हाईक तुटतं, कारण 'हो' म्हणण्याआधी काही मोजलेलं नसतं. म्हणून मोजण्यापासूनच सुरुवात करू.

गच्चीवर किती मावतं

बिबडे, कुरडया या धंद्यात दिवसाचं काम हातांवर ठरत नाही, वाळवायच्या जागेवर ठरतं. चार बाया मिळून सकाळभरात कितीही थापतील, पण ते टाकायचे कुठे? पाच इंची बिबडा घ्या. दोन बिबड्यांत बोटभर जागा सोडली तर एकाला सहा इंच लागतात, म्हणजे एका चौरस फुटात चार बसतात. सहा फूट बाय तीन फुटांच्या बाजेवर 72. गच्चीचा दहा बाय पंधरा फुटांचा कोपरा मोकळा असेल तर कागदावर 600 येतात, पण चालायला, उलटायला वाट ठेवावी लागते. चौथा हिस्सा त्यासाठी सोडा, राहिले 450.

आता आपल्या हातचे सुकलेले बिबडे एका किलोत किती बसतात ते एकदा काट्यावर मोजा. प्रत्येकीची जाडी वेगळी, म्हणून हा आकडा दुसरीकडून उसना घेऊ नका. 450 ला त्याने भागलं की एका घाण्याची, म्हणजे एका खेपेला करायच्या मालाची, कमाल मर्यादा किलोत मिळते. बिबड्याला कडक ऊन असलं तरी दोन दिवस लागतात, त्यामुळे आठवड्यात तीनच घाणे धरा. चौथा धरला की ढग आले त्या दिवशी सगळं अंगावर येतं, आणि खान्देशात मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस काही नवा नाही. आठवड्याचा जो आकडा निघेल तो मोठ्या अक्षरात लिहून फोनजवळच्या भिंतीवर चिकटवा. ऑर्डर घेताना नजर तिथे गेली पाहिजे.

उडदाच्या पापडाचं गणित वेगळं. तो सावलीत किंवा हलक्या उन्हातच वाळवायचा. कडक उन्हात कडा वर वळतात आणि पॅकिंगमध्ये तुटतात. म्हणून पापड घरातल्या खोलीत आणि बिबडे-कुरडया गच्चीवर अशी जागा वाटून घेतली तर दोन्ही कामं एकाच आठवड्यात चालतात.

तारीख मागून मोजायची

बिबडे 'दोन दिवसांत' होत नाहीत. एक घाणा असा चालतो: सोमवारी सकाळी ज्वारी निवडून, धुऊन भिजत घालायची. मंगळवारी आणि बुधवारी पाणी बदलायचं. गुरुवारी उपसून सावलीत पसरायची. शुक्रवारी गिरणीवरून दळून आणायची आणि चाळून कोंडा काढायचा. शनिवारी पहाटे लसूण, मिरची, जिरं, तीळ, मीठ घालून घाटा (पिठाचं घट्ट शिजवलेलं मिश्रण) शिजवायचा आणि ऊन तापायच्या आत थापायचा. शनिवार-रविवार ऊन, सोमवारी मोजणी आणि पॅकिंग. झाले आठ दिवस. त्यात एक दिवस ढगांचा आणि एक दिवस गिरणीची वीज गेल्याचा धरा. गिऱ्हाइकाला दहा दिवस सांगा. आठव्या दिवशी हातात पडलं तर तिला आनंदच होईल.

आठवडाभराच्या या साखळीत एकच कडी वारंवार तुटते, ती म्हणजे भिजवलेल्या ज्वारीचं पाणी बदलणं. घाईत एक दिवस राहून गेलं तर वास आंबूस न राहता कुबट होतो, बिबड्याचा रंग काळपट येतो आणि तळल्यावरही तो वास जात नाही. कुरडयांच्या गव्हाचंही तेच. म्हणून भिजवणीच्या प्रत्येक पातेल्यावर खडूने तारीख लिहा आणि पाणी बदललं की त्याखाली एक रेघ ओढा. रेघ नाही म्हणजे पाणी बदललेलं नाही. घरात कोणीही असो, पाहताक्षणी कळतं.

आखाजीची तारीख दरवर्षी सरकते. 2024 मध्ये ती 10 मेला होती, 2025 मध्ये 30 एप्रिलला. गेल्या वर्षी ऑर्डरी कधीपर्यंत घेतल्या हे आठवून चालत नाही. नवं कॅलेंडर हातात आलं की आखाजीवर खूण करा, तिथून बारा दिवस मागे या आणि तिथे लाल पेनाने 'ऑर्डर बंद' लिहा. लेकी माहेरी येतात त्या चार दिवसांत घरही भरलेलं असतं, तेव्हा भट्टी पेटवायचीच नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई ही खान्देशची देवी घरात बसते, तो आठवडाही आधीच काट मारून मोकळा ठेवा.

एक वही, एक ओळ, एक नंबर

ऑर्डर फोनवर आली, दारात आली किंवा लग्नात भेटून आली, ती वहीत उतरेपर्यंत घेतलेली नाही असंच धरा. लांब पानांची रजिस्टर वही घ्या आणि दोरीने पेन बांधून स्वयंपाकघराबाहेर एकाच खिळ्याला टांगा. आत ठेवली की तेलाचे हात लागतात आणि पानं चिकटतात. एका ऑर्डरला एकच ओळ, अशी:

नंबर 47 | 12 मार्च | पाचोरा, लग्नघर | बिबडे 6 किलो, कुरडया 4 किलो | तिखट कमी, तीळ जास्त | धान्य आपलं | द्यायचं 28 मार्चला | आगाऊ 1,000 | बाकी ...

'तिखट कमी' हा रकाना फालतू वाटतो, पण परत आलेल्या मालाची कारणं बहुतेक तिथेच सापडतात. ओळ लिहून झाली की तिचा फोटो गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. किलो आणि तारीख दोघींच्या डोळ्यांसमोर राहते, मग "मी आठ किलो म्हटलं होतं" हा वाद उरत नाही. व्हॉट्सॲप बिझनेस घेतलं तर चॅटला लेबलं लावता येतात. आगाऊ बाकी, चालू, तयार, दिलं ही चार पुरतात. दहा लेबलं केली तर लावायचाच कंटाळा येतो.

निम्मे पैसे आगाऊ घ्या, निदान रुखवताच्या ऑर्डरीला तरी. ताटात सजवायचे रंगीत, वेगळ्या आकाराचे पापड दुसऱ्या कोणाला विकले जात नाहीत. लग्नाची तारीख पुढे ढकलली तर माल आपल्याच घरात पडून राहतो.

धान्य त्यांचं, मजुरी आपली

खान्देशात पुष्कळ घरं स्वतःच्या शेतातली दादर (रब्बीची ज्वारी) किंवा गहू आणून देतात आणि किलोमागे मजुरी देऊन बिबडे-कुरडया करून घेतात. भांडणं याच कामात जास्त होतात. दोन घरांची दादर एकाच दिवशी आली आणि पिशव्या सारख्या निघाल्या की संपलं. धान्य येताक्षणी त्यांच्यासमोर काट्यावर वजन करा, वहीतला नंबर पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहा आणि तो पुठ्ठा प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत घालून धान्यातच टाका. बाहेर बांधलेली चिठ्ठी सुटते, आतली राहते. भिजवताना पातेल्याच्या कडीला तोच पुठ्ठा, दळायला जाताना डब्यात तोच, गच्चीवर बाजेच्या पायाला तोच.

कोंडा निघतो, ओल सुकते, त्यामुळे पाच किलो धान्याचे पाच किलो बिबडे होत नाहीत. हे काम घेतानाच सांगा. स्वतःच्या दोन-तीन घाण्यांचं आधीचं आणि नंतरचं वजन लिहून ठेवलं असेल तर आकडा दाखवून सांगता येतं आणि कोणाच्या मनात शंका राहत नाही.

किलोमागे खरा खर्च

दर ठरवताना शेजारच्या गल्लीत काय भाव आहे हे सगळ्या आधी पाहतात. ते शेवटी पाहा. आधी एक घाणा पूर्ण मोजा. समजा पाच किलो ज्वारी 200 रुपये, तीळ-लसूण-मिरची-जिरं-मीठ 110, दळण 40, गॅस 72, पिशव्या आणि लेबल 40. झाले 462. सुकून, तुटके वेगळे काढून हातात चार किलो आले. म्हणजे किलोला साधारण 115 रुपये, आणि 200 ला विकलं तर 85 रुपये सुटले असं वाटतं. पण निवडण्यापासून पॅकिंगपर्यंत दोघींचे मिळून अकरा तास गेले असतील तर चार किलोमागचे 338 रुपये अकरा तासांत वाटायचे, म्हणजे तासाला 31 रुपयेही नाहीत. स्वतःच्या तासाला 50 रुपये धरले तर किलोचा खर्च 253 होतो. इथले आकडे फक्त रीत दाखवायला आहेत, तुमचे तुम्ही भरा. पण तासांचा रकाना रिकामा ठेवू नका. वर्षभर राबून हातात काही का उरत नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा त्याच रकान्यात असतं.

गॅसचा खर्च अंदाजाने लिहू नका. घाटा शिजवण्याआधी सिलिंडर काट्यावर ठेवा, शिजवून झाल्यावर पुन्हा ठेवा. फरक म्हणजे जळलेला गॅस. धंद्याच्या सिलिंडरमध्ये 19 किलो गॅस असतो, त्याच्या किमतीला 19 ने भागलं की किलोचा भाव मिळतो. घरचा 14.2 किलोचा सिलिंडर धंद्याला वापरणं नियमात बसत नाही, शिवाय घरखर्च आणि धंदा तिथेच एकमेकांत मिसळतात. बँकेचं खातंही वेगळं ठेवा आणि दारात लावायचा क्यूआर कोड त्याच खात्याचा असू द्या. त्या खात्यातून महिन्याच्या ठरल्या तारखेला ठरलेली रक्कम आपल्या मजुरीची म्हणून घरखर्चाला काढा. किराणा कमी पडला म्हणून गल्ल्यात हात घातला की पुढच्या दादरीचे पैसे जातात.

दिवस कसा बसवायचा

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे दुपारचा पारा 44-45 च्या घरात जातो. शिजवणं आणि थापणं सकाळी नऊच्या आत उरकायचं, म्हणजे चूल चारला पेटली पाहिजे. त्यासाठी मसाला वाटून, भांडी मांडून, पाणी भरून आदल्या रात्रीच तयार ठेवा. पहाटे मिरची शोधण्यात अर्धा तास गेला की शेवटचे बिबडे कडक उन्हात थापावे लागतात, आणि घाटा गार होऊन घट्ट झाला तर कडा चिरतात. घाट्याचं पातेलं जाड फडक्यात गुंडाळून ठेवा आणि थापणारीला एका वेळी दोन-तीन मुटकेच काढून द्या.

बाया दोन-तीनच असतील तर कामं रोज बदलू नका. एकीने शिजवायचं, दोघींनी थापायचं, पसरवायचं काम घरातल्या मुलाने केलं तरी चालतं. हजेरी आणि किलो त्याच दिवशी लिहा आणि मजुरी आठवड्याला चुकती करा.

दुपारी बारा ते चार गच्चीवर जायचं नाही. पंख्याखाली बसून मोजणी, पॅकिंग, लेबल करा. फोन आणि मेसेज दुपारी दोनला अर्धा तास, रात्री आठला अर्धा तास. बाकी वेळ व्हॉट्सॲप बिझनेसवर आपोआप जाणारा निरोप लावून ठेवा: "सकाळी काम सुरू असतं, दुपारी दोननंतर उत्तर देते." थापताना फोन उचलला की हात धुवायचे, पुसायचे, आणि तेवढ्यात घाटा वाळतो. रात्री निजण्याआधी दहा मिनिटं वहीला द्या: आज काय गेलं, किती आले, उद्या कोणत्या नंबरचं काम.

डबे आणि पार्सल

पूर्ण वाळला की नाही हे हाताने कळतं. बिबडा मधोमध मोडा, कट्टकन आवाज आला पाहिजे. वाकून मग तुटला तर आणखी एक ऊन. उन्हातून काढल्या काढल्या पिशवीत भरू नका, गरम माल बंद केला की आत घाम धरतो आणि पावसाळ्यात बुरशी येते. सावलीत पूर्ण गार होऊ द्या, मगच भरा. डब्यावर घाण्याची तारीख लिहा, नवा डबा मागे आणि जुना पुढे.

विकायच्या पाकिटावर नाव-पत्ता, वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, घटक आणि संपर्क नंबर हवा. अन्न परवान्याची (FSSAI) नोंदणी करून घ्या, तिचा 14 अंकी नंबरही पाकिटावर येतो. उद्यम नोंदणीला (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) शासन काही फी घेत नाही, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

सुरत, पुणे, नाशिकला माल पाठवायचा तर एकेक किलोची पाकिटं करून ती बिबड्याहून जेमतेम मोठ्या खोक्यात थरांनी आडवी रचा. कोपऱ्यांतली रिकामी जागा चुरगाळलेल्या कागदाने घट्ट भरा. बंद करून खोकं कानाजवळ हलवा. आतून खडखड ऐकू आली तर उघडून आणखी कागद घाला. तो आवाज इथे थांबला नाही तर तिकडे चुरा पोचतो. पावतीचा फोटो त्याच दिवशी ऑर्डरच्या नंबरासह गिऱ्हाइकाला पाठवा.

जूनमध्ये पहिला पाऊस पडण्याआधी सोऱ्याच्या चकत्या तेल लावून कागदात गुंडाळा, बाजा आत घ्या आणि वहीच्या शेवटच्या पानावर तीन गोष्टी लिहा: कोणता माल कमी पडला, कोणाची किती बाकी राहिली, कोणत्या आठवड्यात ऑर्डरी नाकाराव्या लागल्या. जानेवारीत दादर आणि तीळ घ्यायला बाजारात जाल तेव्हा ते पान सोबत न्या.