रिग्रेशन टेस्टची वेळेनुसार विभागणी: मोजणीपासून रात्रीच्या रनपर्यंत

रिग्रेशन सूट, म्हणजे नव्या बदलाने जुनं काही मोडलं नाही ना हे तपासणाऱ्या टेस्टचा संच, वाढत गेला की कमिटनंतर (कोडमधला बदल नोंदवल्यावर) निकाल यायला ४० मिनिटं लागू लागतात. तोवर कोड लिहिणारा दुसऱ्या कामात शिरलेला असतो. टेस्ट ‘युनिट’ आणि ‘इंटिग्रेशन’ अशा फोल्डरांत ठेवून हा प्रश्न सुटत नाही, कारण ‘युनिट’मध्ये ४ सेकंदांच्या टेस्ट निघतात आणि ‘इंटिग्रेशन’मधल्या कित्येक टेस्ट ५० मिलिसेकंदांत आटपतात. म्हणून टेस्टची थरांमध्ये विभागणी फोल्डरच्या नावावरून न करता घड्याळावरून करायची, आणि ठरलेली मर्यादा मशीनकडूनच पाळून घ्यायची. हे दुसरं काम राहिलं तर थर पुन्हा एकमेकांत मिसळतात.

आधी मोजा

पायटेस्ट या पायथनमधल्या टेस्ट चालवणाऱ्या साधनाच्या ‘ड्युरेशन्स’ पर्यायाला ० दिलं की सगळ्या टेस्टच्या वेळा उतरत्या क्रमाने मिळतात. ५ मिलिसेकंदांखालच्या नोंदी तो एरवी दाखवत नाही. इतर भाषांत जेयुनिट (जावाचं टेस्ट साधन) पद्धतीची एक्सएमएल फाइल बहुतेक साधनं बनवतात, आणि तिच्यात प्रत्येक टेस्टपुढे वेळ लिहिलेली असते.

स्वतःच्या लॅपटॉपवरचे आकडे इथे कामाचे नाहीत. सीआयच्या (प्रत्येक बदलावर टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेच्या) मशीनवर, रोज जितके वर्कर (एकाच वेळी टेस्ट चालवणाऱ्या प्रोसेस) चालतात तितकेच वर्कर ठेवून, मुख्य ब्रँचचे किमान ७ रन घ्या आणि प्रत्येक टेस्टचा मध्यक धरा. सरासरी नको, कारण एखादा रन नेटवर्कवर अडकला तर तेवढ्याने ती बिघडते.

सेटअपच्या, म्हणजे टेस्टआधीच्या तयारीच्या, वेळेकडे विशेष लक्ष द्या. एका फाइलमध्ये ३० टेस्ट आहेत, प्रत्येकीला ४० मिलिसेकंद लागतात, आणि सगळ्यांसाठी मिळून एकदाच डेटाबेस उभा करायला ८ सेकंद जातात असं समजा. सेटअपसकट हिशेब केला तर पहिली टेस्ट ८.०४ सेकंदांची दिसते आणि बाकीच्या २९ चपळ दिसतात. पहिलीला ‘संथ’ लेबल लावून बाजूला काढली की तो भार दुसरीवर येतो आणि उद्या दुसरी संथ ठरते. पायटेस्ट सेटअप, कॉल (प्रत्यक्ष टेस्ट) आणि टिअरडाउन (नंतरची आवराआवर) वेगवेगळे दाखवतो, ते पाहा. अशी फाइल ९.२ सेकंदांचा एक गठ्ठा म्हणून धरा आणि पूर्णच्या पूर्ण एका थरात ठेवा.

थर किती आणि मर्यादा कुठे

तीन थर पुरतात. चौथा आला की कुठली टेस्ट कुठे घालायची यावरच वाद सुरू होतात. सुरुवातीला हे आकडे घ्या:

- झटपट: एका टेस्टला १०० मिलिसेकंद, पूर्ण थराला ३ मिनिटं. प्रत्येक पुशला चालतो.
- मध्यम: एका टेस्टला ५ सेकंद, पूर्ण थराला १० मिनिटं. मर्ज होण्याआधी चालतो.
- संथ: उरलेल्या सगळ्या. रात्री आणि प्रत्येक रिलीजआधी.

एका टेस्टच्या मर्यादेपेक्षा पूर्ण थराची मर्यादा जास्त महत्त्वाची. ५० मिलिसेकंदांच्या ३,००० टेस्ट एकामागून एक चालल्या तर १५० सेकंद होतात, म्हणजे चालेल. त्याच १०,००० झाल्या तर ५०० सेकंद होतात, आणि एकही टेस्ट संथ नसताना थर मोडतो.

वेळेच्या नियमाला एकच अपवाद ठेवा. लॉगिन किंवा पैशाचा व्यवहार यांसारख्या, मोडल्या तर सगळंच ठप्प होईल अशा वाटांच्या मोजक्या टेस्ट संथ असल्या तरी मध्यम थरात आणा. मात्र त्यांची यादी १० च्या वर जाऊ देऊ नका.

लेबल लावण्याआधी सर्वांत संथ २५ टेस्ट उघडून वाचा. त्यांत ठरावीक सेकंद थांबणारा ‘स्लीप’ हमखास सापडतो. तिथे दर १०० मिलिसेकंदांनी स्थिती तपासणारा लूप घाला आणि वर १० सेकंदांची कमाल मर्यादा द्या. एवढ्यानेही काही टेस्ट थेट वरच्या थरात जातात.

लेबल आणि पहारा

टेस्टवर थराचं नाव लावायला पायटेस्टमध्ये मार्कर, जेयुनिट ५ मध्ये टॅग आणि सीटेस्टमध्ये (सीमेकसोबतचं टेस्ट साधन) लेबल आहे. गो भाषेत ‘शॉर्ट’ फ्लॅग तपासून टेस्ट स्वतःला वगळते. पायटेस्टमध्ये मार्कर नोंदवून ‘स्ट्रिक्ट मार्कर्स’ (न नोंदवलेला मार्कर नाकारणारा पर्याय) चालू ठेवा. नाहीतर लेबलाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलं की संथ टेस्ट गुपचूप झटपट थरात जाऊन बसते. बेझेल या बिल्ड साधनात टेस्टला दिलेल्या आकारावरूनच टाइमआउट (टेस्ट बंद पाडण्याची वेळमर्यादा) ठरतो: स्मॉल ६० सेकंद, मीडियम ३००, लार्ज ९०० आणि एनॉर्मस ३,६००.

लेबल नसलेली टेस्ट झटपट समजा. ती मर्यादा ओलांडू लागली की बिल्ड लाल (नापास) करा, म्हणजे लिहिणाऱ्याला एकतर ती वेगवान करावी लागते किंवा जाणूनबुजून लेबल लावावं लागतं. पण एका रनवरून निकाल देऊ नका. सलग ३ रनमध्ये मर्यादा ओलांडली तरच खालच्या थरात ढकला, आणि वर आणताना वेळ मर्यादेच्या निम्म्याखाली आली आहे ना ते पाहा. हे अंतर ठेवलं नाही तर ९५ ते १०५ मिलिसेकंदांमध्ये हेलकावणारी टेस्ट दर आठवड्याला थर बदलते.

अडकलेल्या टेस्टसाठी कठोर टाइमआउट वेगळा लावा, मध्यकाच्या साधारण १० पट. गोमध्ये तो मुळातच १० मिनिटांचा आहे आणि सीटेस्टमध्ये १,५०० सेकंदांचा. झटपट थरासाठी दोन्ही फारच सैल आहेत.

अनेक मशीनवर वाटणी

फाइलींची संख्या सारखी वाटली म्हणून वेळ सारखी वाटली जात नाही. ९, ७, ६, ५, ४, ३ आणि २ मिनिटांच्या सात फाइली तीन मशीनवर वाटायच्या आहेत. पहिल्या तीन एकाच मशीनवर पडल्या तर रन २२ मिनिटांचा होतो. त्याऐवजी सर्वांत मोठी फाइल आधी उचला आणि त्या क्षणी सर्वांत मोकळ्या मशीनला द्या. मग मशीनवर १२, १३ आणि ११ मिनिटांचा भार येतो. एकूण ३६ मिनिटांचं काम असल्याने १२ च्या खाली जाणं शक्यच नाही. पायटेस्ट-स्प्लिट हे पायटेस्टचं जोडसाधन जुन्या वेळांची फाइल वापरून असंच वाटप करू शकतो. ती फाइल आठवड्यातून एकदा ताजी करा.

वाटणी सुरू केल्यावर काही टेस्ट अचानक फेल होतील. कारण बहुधा एकच असतं: एका टेस्टने तयार केलेल्या युजरवर दुसरी अवलंबून होती आणि आता ती दोघं वेगळ्या मशीनवर आहेत. म्हणून वाटणीआधी सूट ५–६ वेळा यादृच्छिक क्रमाने चालवा आणि अशा गाठी सोडवून घ्या.

रात्रीचा रन

संथ थराची खरी किंमत तो लाल झाल्यावर कळते. दिवसभरात ६४ कमिट झाले असतील तर गिटच्या बायसेक्टने (दर पायरीला कमिटची यादी निम्मी करत शोधणाऱ्या कमांडने) दोषी कमिट शोधायला ६ पायऱ्या लागतात. टेस्ट २० मिनिटांची असेल तर २ तास गेले. म्हणून दिवसाला ३० च्या वर कमिट जात असतील तर हा थर दुपारीही एकदा चालवा. सकाळी निकाल पाहण्याची पाळी नावानिशी लावा आणि रात्रीचा रन लाल असेपर्यंत रिलीज अडवा.